खाडींत गळ टाकण्यापूर्वीं



भाईंदर पूर्वेस जेसल पार्कच्या चौपाटीवर संध्याकाळीं उभें राहिलें असतां समोर वसईची खाडी पसरलेली दिसते. पलीकडे नायगांवचा किनारा, डाव्या हातास रेल्वेचे पूल व पाणजू बेट, उजव्या हातास घोडबंदरकडे जाणारा प्रवाह व त्याच्या कांठचीं कांदळवनें, असा हा देखावा आहे. पाणी संथ दिसतें. एखादें होडकें त्यावर सहज सरकत असतें. हें पाहून कोणाच्याही मनांत येईल कीं, आपणही एक लहानशी होडी घ्यावी, गळ टाकावा आणि सकाळची वेळ आनंदांत घालवावी.

ही इच्छा वाईट नाहीं. उलट, घरांत बसून पडद्यावर समुद्र पाहण्यापेक्षां स्वतःच्या हातानें वल्हें मारणें हें शरीरास व बुद्धीस हितकर आहे, असें आमचें मत आहे. म्हणूनच कांहीं विद्यार्थ्यांनीं जेव्हां आम्हांस विचारलें कीं, "सर, कयाक घेऊन खाडींत मासे धरावयास गेलें तर चालेल काय?" तेव्हां आम्हीं त्यांस नकार दिला नाहीं. एवढेंच विचारलें कीं, "किती वाजतां परत फिरणार?" जाण्याची वेळ, गळाचे प्रकार, बरोबरचा खाऊ, सर्व कांहीं त्यांच्या मुखोद्गत होतें, पण परत फिरण्याच्या वेळेचा विचार कोणींही केला नव्हता. प्रस्तुत लेख त्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठीं लिहिला आहे.

कयाक म्हणजे काय?

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाजवळील प्रदेशांतील इनुइट लोकांची होडी. लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ते ती बनवीत आणि बर्फाळ पाण्यांत शिकार करीत. ती उलटली तरी तींतून बाहेर न पडतां पुन्हां सरळ करण्याची विद्या त्यांस अवगत होती. कारण त्या थंड पाण्यांत पडणें म्हणजे बहुधा मरणच. हल्लीं मासेमारीसाठीं वापरतात त्या कयाकी प्लॅस्टिकच्या, रुंद व वरून उघड्या असतात. बसणारा आंत अडकत नाहीं, त्यामुळें होडी उलटल्यास तो सहज सुटतो. परंतु हलकेपणा हा तिचा गुण तोच तिचा दोषही आहे. वारा व प्रवाह तिला पानासारखे ओढून नेतात. आमच्या कोळी बांधवांची जड होडी जेथें स्थिर राहते, तेथें कयाक राहीलच असें नाहीं.

खाडीची ओळख

उल्हास नदी सह्याद्रींत उगम पावून कर्जत, बदलापूर, कल्याण या बाजूनें येते आणि ठाण्यावरून पश्चिमेस वळून वसईच्या खाडीच्या रूपानें अरबी समुद्रास मिळते. खाडीच्या मुखाशीं उत्तरेस वसईचा किल्ला व दक्षिणेस चौक येथील धारावीचा किल्ला आहे. इ. स. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या सैन्यानें वसई घेतली, तत्पूर्वीं धारावी हस्तगत करणें त्यांस अगत्याचें वाटलें. कारण ज्याच्या हातीं खाडीचें तोंड त्याच्या हातीं खाडीचा मार्ग. लहान होडींतून जाणाऱ्यानेंही या तोंडाचें महत्त्व ओळखावें. ओहोटीचें सर्व पाणी त्याच दिशेनें धांवतें.

भाईंदर पूर्वेहून निघणाऱ्यानें तीन गोष्टी विशेष ध्यानांत ठेवाव्या. पहिली, रेल्वेच्या पुलांचे खांब. भरतीचें पाणी पूर्वेकडे, म्हणजे घोडबंदरकडे चढतें. ओहोटीचें पाणी पश्चिमेकडे, म्हणजे पुलांखालून समुद्राकडे उतरतें. दोन खांबांमधून पाणी जातांना त्याचा वेग वाढतो, आणि होडी आडवी होऊन खांबास लागली तर प्रवाह तिला तेथेंच दाबून धरतो व उलथवितो. जिताडा मासा अशा खांबांच्या व खडकांच्या आडोशास राहतो, म्हणून गळ टाकणाऱ्यास तेथें जाण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा.

दुसरी, जाळीं. डोल नांवाचें पिशवीसारखें जाळें खुंटांस बांधून प्रवाहांत लावतात. खुंटांचीं टोकें पाण्यावर दिसोत वा न दिसोत, जाळें पाण्याखालीं असतेंच. त्यावर होडी गेल्यास आपला जीव धोक्यांत येतो व गरीब कोळ्याचें जाळेंही फाटतें. खुंट दिसले कीं दुरून वळसा घालावा.

तिसरी, मोठ्या नौका. भाईंदर पश्चिमेच्या धक्क्यावरून वसई किल्ल्याच्या धक्क्यापर्यंत मोटारी वाहून नेणारी रो-रो सेवा फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झाली. अशी मोठी नौका चटकन थांबूं किंवा वळूं शकत नाहीं. लहान होडीनेंच बाजूस व्हावयाचें असतें. पुलांच्या पश्चिमेस न जाण्याचें हें आणखी एक कारण.

भरती-ओहोटीचें गणित

आमच्या किनाऱ्यावर दिवसांतून साधारणपणें दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारें १२ तास २५ मिनिटें लागतात. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारें पाऊण तास पुढें जाते. याच पाऊण तासावरून कोंकणांत एक जुना हिशेब रूढ आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीस ४ ची पाऊणपट ३, म्हणून सुमारें तीन वाजतां. अष्टमीस ८ ची पाऊणपट ६, म्हणून सुमारें सहा वाजतां. शुद्ध व वद्य दोन्ही पक्षांस हाच नियम. ज्यांस घड्याळ व छापील कोष्टक मिळत नव्हतें अशा लोकांनीं हें सूत्र पाठ ठेवून पिढ्यान्‌पिढ्या समुद्र ओलांडला, याचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं.

परंतु हा हिशेब स्थूल आहे. तो अंदाजासाठीं वापरावा आणि त्या दिवसाच्या भरतीच्या कोष्टकाशीं ताडून पाहावा. हीं कोष्टकें मुंबई बंदरासाठीं केलेलीं असतात. पाणी खाडींत आंतवर पोंचण्यास थोडा अधिक वेळ लागतो, हेंही विसरूं नये.

अमावास्या व पौर्णिमा आणि त्यांपुढील एकदोन दिवस हे उधाणाचे. त्या वेळीं मुंबईच्या किनाऱ्यावर भरती व ओहोटी यांच्या पाण्याच्या उंचींत साडेतीन ते चार मीटरांचें, कधीं त्याहूनही अधिक अंतर पडतें. अष्टमीच्या सुमारास भांग असतो; त्या वेळीं हें अंतर सरासरी दीड मीटरावर येतें. वेळ जवळजवळ तेवढाच, पण उधाणास दुपटीहून अधिक पाणी आंत-बाहेर करावयाचें, म्हणून प्रवाहही तितकाच जोराचा. नवशिक्यानें उधाणाच्या दिवसांत खाडींत उतरूंच नये.

शिवाय पाणी सहाही तास सारख्या वेगानें चढत किंवा उतरत नाहीं. एकंदर चढ-उताराचे बारा भाग कल्पिले तर पहिल्या तासांत १, दुसऱ्यांत २, तिसऱ्यांत ३, चौथ्यांत ३, पांचव्यांत २ व सहाव्यांत १, असे स्थूलमानानें भाग पडतात. म्हणजे मधले दोन तास सर्वांत जोराचे व पूर्ण भरतीच्या अलीकडचा-पलीकडचा एक एक तास सर्वांत सौम्य.

आतां एक साधें गणित करूं. स्थिर पाण्यांत ताशी ४ किलोमीटर जाणारा मुलगा ताशी ३ किलोमीटर वाहणाऱ्या ओहोटीबरोबर निघाला. तासाभरांत तो ४ + ३ = ७ किलोमीटर दूर गेला. त्यास वाटलें, आपण फार बलवान आहों! परत फिरतांच त्याचा वेग ४ − ३ = १ किलोमीटर झाला. प्रवाह तसाच राहिला तर ७ किलोमीटर परत येण्यास ७ तास लागतील. आणि प्रवाह ताशी ४ किलोमीटर असेल तर? त्यानें कितीही वल्हीं मारलीं तरी तो जागच्या जागींच राहील. जातांना लागलेल्या वेळावरून येतांनाचा वेळ ठरवूं नये, हें या गणिताचें तात्पर्य.

एका सकाळची आंखणी

समजा, थंडीच्या दिवसांतील एकादशी आहे. ११ ची पाऊणपट सव्वाआठ. कोष्टकांतही पूर्ण भरती त्याच सुमारास दिली आहे. तर मग सूर्योदयानंतर, सातच्या सुमारास, शेवटच्या सौम्य भरतीबरोबर पूर्वेकडे निघावें. कांठाच्या जवळून जावें. मधल्या खोल प्रवाहांत शिरूं नये. भरतीबरोबर बोय वगैरे मासे कांदळवनांच्या कडेस चढतात, त्यामुळें मासेमारीलाही हीच वेळ सोयीची. कांहीं बिघाड झाला तरी पाणी तुम्हांस आंत, जमिनीकडे नेईल. समुद्राकडे नेणार नाहीं.

सव्वाआठ वाजले कीं गळ गुंडाळावा. मासा मिळालेला असो वा नसो, त्या मिनिटास होडीचें तोंड घराकडे फिरवावें. आतां ओहोटीचा पहिला मंद तास तुम्हांस परत आणील. पुलापर्यंत वाहत जाऊं नये म्हणून उतरण्याची जागा येण्यापूर्वींच कांठास लागावें. सव्वानऊला तुम्ही कोरड्या जमिनीवर असाल. धक्क्याशीं अजून पुरेसें पाणी असेल, चिखल उघडा पडलेला नसेल आणि दिवस चढल्यावर समुद्राकडून सुटणारा वाराही अद्याप लागलेला नसेल. हा वारा पश्चिमेचा; तो ओहोटीच्या पाण्यास समोरून भिडला म्हणजे आंखूड व उभ्या लाटा उठतात. लहान होडीस त्या फार त्रासदायक होतात.

भरतीनें आंत जावें, पूर्ण भरतीस फिरावें, ओहोटीच्या आरंभीं घरीं यावें. आणि ओहोटीबरोबर समुद्राकडे कधींही जाऊं नये. एवढें पाठ केलें तरी या लेखाचें काम झालें.

आमची चूक

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं स्वतःची चूक सांगणें योग्य. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही दोघे शिक्षक अशाच एका सकाळीं निघालों. पूर्ण भरती आठ वाजतां होती. साडेआठला पहिला मासा लागला आणि आमची बुद्धि फिरली. "आणखी एक" म्हणतां म्हणतां साडेदहा झाले. परततांना वळसा वांचविण्यासाठीं कांठची उथळ वाट धरली आणि अकराच्या सुमारास होडी चिखलांत रुतली. पाहतां पाहतां चहूंकडचें पाणी निघून गेलें.

आमच्यांतील एकजण खालीं उतरून होडी ढकलण्याच्या बेतांत होता. इतक्यांत दूरच्या पाण्यांतून आपली होडी नेणारा एक वृद्ध नाखवा मोठ्यानें ओरडला, "मास्तर, उतरूं नका! चिखल माणसाला धरतो, होडीला नाय धरत. बसून राहा. पाणी गेलंय तसं येईल." आम्ही बसलों. पाणी जितक्या उतारावर आम्हांस सोडून गेलें होतें, तितकेंच चढून येईपर्यंत आमची सुटका नव्हती. संध्याकाळचे पांच वाजले. सहा तास डोक्यावर ऊन, दोघांत पाण्याची एक बाटली, भ्रमणध्वनि भिजून मुका झालेला. घरच्यांस आम्हीं केवळ "मासे धरावयास जातों" एवढेंच सांगितलें होतें. म्हणून ते बिचारे दुपारपासून उत्तनच्या किनाऱ्यावर आमचा शोध करीत होते. त्या नाखव्यानें धक्क्यावर निरोप पोंचविला, तेव्हां कोठें त्यांच्या जिवांत जीव आला. त्या दिवशीं घरीं परतल्यावर जे चेहरे आम्हीं पाहिले, ते विसरणें शक्य नाहीं. मासा तर उन्हानें केव्हांच नासला होता.

हवामान

जून-जुलैमध्यें खाडी व समुद्र दोन्ही वर्ज्य. यांत्रिक नौकांच्या मासेमारीस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते. कयाकीस यंत्र नाहीं, तेव्हां आम्हांस बंदी लागू नाहीं, असा वकिली मुद्दा कोणीं काढूं नये. पाऊस व वारा कायद्याचीं कलमें वाचीत नाहींत.

नारळी पौर्णिमा झाली म्हणजे धोका सरला, असेंही नव्हे. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं 'फयान' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलें. तो मासेमारीचा ऐन हंगाम होता. कोंकणांतील कित्येक मच्छिमार त्यांत प्राणांस मुकले. जन्मभर समुद्रावर राहिलेल्यांची ही कथा, तर आमच्यासारख्यांची काय? म्हणून आदल्या रात्रीं व निघण्यापूर्वीं भारतीय हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबाद येथील महासागर माहिती सेवा केंद्राचा लाटांचा व वाऱ्याचा अंदाज पाहावा. इशारा असेल तर जाणें रद्द. किनाऱ्यावरील एखाद्या कोळी काकांस विचारावें. त्यांनीं आकाशाकडे पाहून मान हलविली तर तीही आज्ञाच समजावी.

साहित्य व सराव

ज्यास पोहतां येत नाहीं त्यानें जाऊं नये. ज्यास येतें त्यानेंही जीवरक्षक जाकीट अंगांत घालून, पट्टे आंवळून बसावें. होडींत उशाशीं ठेवलेलें जाकीट बुडत्याच्या उपयोगी पडत नाहीं. जाकिटास शिटी बांधावी. कपडे भडक रंगाचे असावे. वल्हें दोरीनें होडीस बांधावें. पिण्याचें पाणी माणशीं दोन लिटर, टोपी, जलरोधक पिशवींत भ्रमणध्वनि, लहान चाकू आणि जखमेवर बांधावयाची पट्टी, इतकें अवश्य पाहिजे. नांगर टाकावयाचा तर पुढच्या टोकाकडून. बाजूस बांधलेला नांगर प्रवाहांत होडी उलटवितो.

शिंगाळा गळास लागला तर त्याच्या कांट्यांस जपावें. ते विषारी असून फार वेदना होतात. कांटा लागलाच तर जखम स्वच्छ करून तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यांत धरावा व डॉक्टरांकडे जावें. खाडींत शहराचें सांडपाणी मिसळतें, म्हणून साधें खरचटणेंही हयगयीवर सोडूं नये.

पहिल्या फेरीपूर्वीं उथळ व स्थिर पाण्यांत, जाणत्या माणसाच्या देखत, होडी मुद्दाम उलटवावी आणि पुन्हां वर चढावें. हें तीन वेळां साधलें तरच पुढें जावें. एकट्यानें कधींही जाऊं नये. निदान दोन होड्या असाव्या व विद्यार्थ्यांबरोबर अनुभवी प्रौढ मनुष्य असावा.

संकट आलेंच तर होडी सोडूं नये. उलटलेली होडीही तरंगते व दुरून दिसते; पोहणाऱ्याचें डोकें दिसत नाहीं. प्रवाहाशीं समोरासमोर झुंजून दमूं नये. तिरकें वल्हवीत जवळच्या कांठाकडे सरकावें. शिटी वाजवावी. ११२ या क्रमांकावर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावें. मदत लवकर मागण्यांत लाज नाहीं. उशिरां मागण्यांत मात्र धोका आहे.

घरीं ठेवावयाचा कागद

निघण्यापूर्वीं एका कागदावर पुढील गोष्टी लिहून घरीं द्याव्या: कोण कोण जाणार, होडीचा रंग, कोठून निघणार, कोणत्या दिशेस व कोठपर्यंत जाणार, किती वाजतां फिरणार, किती वाजतां किनाऱ्यास लागणार, आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास मदत बोलवावी. परत आल्याबरोबर पहिलें काम म्हणजे घरीं कळविणें. त्या दिवशीं असा एक चिठोरा आम्हीं ठेवला असता, तर आमच्या माणसांस उत्तनच्या वाळूंत धांवाधांव करावी लागली नसती.

पालकांस दोन शब्द

मुलगा किंवा मुलगी पाण्यावर जाऊं इच्छिते म्हणून एकदम रागावूं नये. चोरून जाणाऱ्यापेक्षां विचारून जाणारें मूल अधिक सुरक्षित असतें. तो कागद मागून घ्यावा, वाचावा आणि त्यांतील वेळ चुकली तर जाब विचारावा. पण आमची एक विशेष विनंती आहे. ठरल्या वेळीं रिकामी टोपली घेऊन परत आलेल्या मुलास हंसूं नये. "एवढा वेळ घालवून एकही मासा नाहीं?" हे शब्द थट्टेचे असले तरी पुढच्या खेपेस तेंच मूल "आणखी एक" म्हणून थांबेल. मासा हातचा सोडून वेळेवर फिरणें हें भित्रेपणाचें लक्षण नसून ज्यानें मनावर ताबा मिळविला त्याचें लक्षण आहे. त्या दिवशीं त्याची पाठ थोपटावी आणि बाजारांतून बोंबील आणून जेवावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. वद्य दशमीस पूर्ण भरतीची स्थूल वेळ कोणती? त्या दिवशीं किती वाजतां निघाल व किती वाजतां फिराल? त्या वेळीं उजेड असेल काय?

२. स्थिर पाण्यांत तुमचा वेग ताशी ५ किलोमीटर व प्रवाहाचा वेग ताशी २ किलोमीटर आहे. प्रवाहाबरोबर एक तास गेल्यावर परत येण्यास किती वेळ लागेल?

३. पूर्ण भरती ९ वाजतां आहे व १२ वाजतां होडी चिखलांत रुतली. ती पुन्हां केव्हां तरंगेल? तोंपर्यंत तुम्ही काय कराल?

४. आपल्या घरच्या मंडळींसाठीं वर सांगितल्याप्रमाणें एक कागद तयार करा व तो त्यांस वाचून दाखवा. त्यांनीं विचारलेल्या ज्या प्रश्नाचें उत्तर तुम्हांस देतां आलें नाहीं, तो प्रश्न वहींत लिहा. त्याचें उत्तर सांपडेपर्यंत होडी पाण्यांत घालूं नका.